कायदा मांत्रिकाला, पर्याय रुग्णाला

विशेष प्रतिनिधी

मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये अवघ्या २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर उपचार म्हणून चटके देण्यात आल्याचे उघडकीस आले. अघोरी प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा राज्यात लागू होऊन तेव्हा ११ वर्षे उलटली होती. समाजाचे वर्तन कायद्याने बदलते की प्रबोधनाने, या जुन्या प्रश्नाकडे त्यामुळे पुन्हा वळावे लागते.

महाराष्ट्रात या दोन्ही मार्गांची कसोटी लागली आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने १९८९ पासून गावोगावी चमत्कारांमागील हातचलाखी लोकांसमोर मांडली. तथापि, केवळ व्याख्यानांनी भोंदूगिरीला आळा बसत नाही, हे जाणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी कायद्याचा आग्रह धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. कार्यकर्त्यांच्या शब्दाला त्यामुळे प्रथमच शासनाचे पाठबळ लाभले.

सर्प, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या रुग्णाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे, हाही या कायद्यान्वये गुन्हा आहे. ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु बहुतेक वेळा तिचा अंमल सुरू होतो तो अनर्थ घडून गेल्यावर. शिवाय मांत्रिकाकडे स्वेच्छेने गेलेले कुटुंब सहसा त्याच्याविरुद्ध फिर्याद देत नाही. मांत्रिकाला शिक्षेचा धाक दाखवता येतो. रुग्णाची पावले दवाखान्याकडे वळवण्यासाठी तेवढा धाक पुरेसा नाही.

ती कशी वळतात, हे कोकणाने दाखवून दिले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. हे औषध स्वस्त होते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येत होते. त्या वेळी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात नव्हता. दवाखान्यात गेलेला माणूस बरा होऊन परततो, हा अनुभवच तेथे सर्वांत प्रभावी प्रबोधन ठरला.

सर्पदंशाबाबत अद्याप तेवढे यश आलेले नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज एका अभ्यासात मांडण्यात आला आहे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. मात्र रात्री-अपरात्री आरोग्य केंद्र उघडे नसेल, डॉक्टर व प्रतिविष उपलब्ध नसेल आणि तालुक्याला नेण्यास वाहन मिळत नसेल, तर जवळचा मांत्रिक हाच गावकऱ्यांना आधार वाटणार. अशा वेळी प्रबोधन म्हणजे कोरडा उपदेश ठरतो.

कायदा की प्रबोधन, हा वाद म्हणूनच अपुरा आहे. कायद्याने फसवणूक करणाऱ्याला वेसण घातली पाहिजे, प्रबोधनाने योग्य वाट दाखवली पाहिजे आणि त्या वाटेच्या शेवटी सुसज्ज आरोग्य केंद्र असले पाहिजे. यापैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी महाराष्ट्राने मोठी किंमत मोजली आहे. तिसरीची जबाबदारी सर्वस्वी शासनाची आहे.