धूळ आणि बर्फ यांतला फरक



टू-स्ट्रोक इंजिनांविषयीचे गेल्या अंकातील पत्र वाचले. स्नोमोबाइल हजारो किलोमीटर धावते आणि डर्ट बाइकचा पिस्टन मात्र काही तासांच्या शर्यतींनंतर बदलावा लागतो, म्हणून डर्ट बाइकचे इंजिन कच्चे, हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही.

ताकदीचे म्हणाल तर स्नोमोबाइलमधले रोटॅक्सचे ८५० सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन सुमारे १६५ हॉर्सपॉवर देते, २५० सीसीची मोटोक्रॉस बाइक ४५ ते ५०. लिटरमागे हिशेब मांडला तर दोन्ही जवळपास बरोबरीत.

मग झीज वेगळी का? स्नोमोबाइलमध्ये पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी, म्हणजे पायऱ्यांविना गुणोत्तर बदलणारा गिअरबॉक्स, असतो. पूर्ण थ्रॉटलला तो इंजिनाला मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आसपास धरून ठेवतो. मोटोक्रॉसमध्ये प्रत्येक वळणावर क्लच दाबला जातो, प्रत्येक उडीत चाक हवेत मोकळे फिरते, इंजिनाच्या फेऱ्या झपाट्याने चढतात आणि कोसळतात. त्यात धूळ! एअर फिल्टर एका कडेने जरी नीट बसला नाही, तरी बारीक माती सिलिंडर खरवडून काढते. बर्फावर ती माती नसते, उलट उडणारा बर्फच हीट एक्स्चेंजरला गार ठेवतो. तीच स्नोमोबाइल भुसभुशीत बर्फ नसलेल्या कडक वाटेवर दामटली, तर तापते.

पत्रलेखकांनी तासांची तुलना किलोमीटरशी करू नये. आणि डर्ट बाइक बाळगणाऱ्या वाचकांना एकच विनंती: इंजिनाला दोष देण्याआधी एअर फिल्टर काढून पाहा.

– एक वाचक, पुणे