थंडीचा राग

पौष लागला की आपल्या लष्करातल्या ओट्याओट्यांवर एकच विषय चालतो. यंदाची थंडी काही निराळीच आहे, असे जो तो सांगतो. हे वाक्य मी दरवर्षी ऐकत आलो आहे. उन्हे अंगणात उतरेपर्यंत मंडळी रजईतून बाहेर येत नाहीत आणि बाहेर आली की थंडीच्या नावाने खडे फोडतात. मे महिन्यात लू वाहत असताना, पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला असताना, याच थंडीच्या आठवणीने उसासे टाकणारी हीच माणसे! ग्वाल्हेरकराने थंडीविषयी कुरकुर करावी हा मला कृतघ्नपणा वाटतो. आणि गाण्याशी ज्याचा थोडाफार संबंध आहे त्याने तर ती मुळीच करू नये.

थंडीचा राग येणारे पुष्कळ आहेत. थंडीला राग मात्र कोणी दिलेला नाही. पावसाच्या वाट्याला मल्हाराचे भरले घर आले आहे. वसंत ऋतूला वसंत आहे, बहार आहे, हिंडोल आहे. फाल्गुनाला होरी, चैत्राला चैती. जुन्या मतांप्रमाणे श्रीराग हेमंताचा आणि मालकंस शिशिराचा. पण हा संसार पोथीत आणि रागमालेच्या चित्रांत उरला आहे. प्रत्यक्षात मालकंस बारा महिने गायला जातो, ऐन वैशाखातसुद्धा. बाबा अल्लाउद्दीनखाँसाहेबांनी ‘हेमंत’ नावाचा राग बांधला, तो गोडही आहे. परंतु तो ऐकताना शाल ओढून घ्यावी असे काही माझ्या मनात येत नाही. बारमाशांच्या गीतांत पूस आणि माघ येतात, तेही बिचाऱ्या विरहिणीला कुडकुडत ठेवण्यापुरतेच. मला वाटते, थंडीवर गाणी झाली नाहीत याचे कारण एवढेच की गाणारे त्या दिवसांत गाण्यात गुंतलेले होते.

जरा घड्याळाकडे पाहा. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या आत उगवतो. जानेवारीच्या आरंभी तो सात वाजून गेल्याशिवाय तोंड दाखवीत नाही. दिवस जेमतेम साडेदहा तासांचा, रात्र साडेतेरा तासांची. ललत हा राग उजाडण्यापूर्वीचा. उन्हाळ्यात तो त्याच्या वेळेला गायचा तर चार वाजता उठायला हवे, आणि अस्ताई-अंतरा होतो न होतो तोच खिडकीत उजेड येतो. थंडीत साडेपाचला उठलेल्या आळशी विद्यार्थ्यालासुद्धा दीड तास काळोख मिळतो. ललत निवांत गा, मग भटियाराकडे वळा, आणि उजाडता उजाडता भैरव घ्या. एवढी ऐसपैस पहाट दुसरा कोणता ऋतू देतो?

माझे वडील दरबारी गवई. ती नोकरी संपली, पण त्यांची पहाटेची हजेरी संपली नाही. थंडीत ते आम्हाला खर्जाला बसवीत. पहाटे गळा मुळातच खाली बसलेला असतो. दिवसा जो स्वर पायऱ्या उतरून शोधावा लागतो तो त्या वेळी पायाशीच पडलेला सापडतो. खांद्यावर गोधडी घेण्याची मुभा होती, खोलीत शेगडी आणण्याची नव्हती. कोळशाचा धूर घशात बसतो, असे त्यांचे म्हणणे. गजक देखील रियाज झाल्यावरच. तिळाचा एक कण टाळूला चिकटला की सबंध षड्ज वाया जातो. वाद्यांचीही या दिवसांत परीक्षा असते. गारठ्यात तानपुऱ्याच्या तारा आखडतात आणि स्वर चढतो. चार माणसे जमून खोली उबेला आली की तोच तानपुरा उतरू लागतो. धुके असेल तर तबल्याची पुडी दमटपणाने सैल पडते, ती ऊन लागल्यावर चढते. एक वर जातो तर दुसरा खाली. मध्ये बसलेल्या मुलाला ऐकणे भागच पडते. स्वर लावायला शिकवणारा इतका कडक मास्तर मी तरी नाही!

आणि मैफली तर थंडीच्याच. हजीऱ्याला महंमद घौसांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाच्या समाधीपाशी डिसेंबरात जो समारोह भरतो, तो १९२४ मध्ये सुरू झाला. २०२४ मध्ये त्याचा शंभरावा सोहळा झाला. त्याचा आरंभ सनईने होतो, मग ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा आणि मीलाद. ढोलीबुवांची कथा ऐकायला त्या गारठ्यात आपल्या जुन्या घरांतील किती माणसे दिसतात, हे मी मोजत नाही. मोजले तर मन खट्टू होईल. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, तोही बहुधा डिसेंबरातच भरतो. तो ज्यांनी नावारूपाला आणला ते भीमसेन जोशी १९३३ साली कोवळ्या वयात घर सोडून निघाले आणि फिरत फिरत आपल्या ग्वाल्हेरला, माधव संगीत विद्यालयात येऊन राहिले. इथल्या पहाटा त्यांनीही सोसल्या असतीलच.

त्या पुण्याच्या महोत्सवात पूर्वी रात्रभर गाणे चाले आणि उजाडताना सकाळचे राग येत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद झाले. नियम योग्यच आहे. लग्नसराईतल्या रात्री ज्याने काढल्या आहेत तो त्याला नावे ठेवणार नाही. पण त्यामुळे ललत आणि भटियार बेघर झाले, हे खरे. आजची मुले हे राग शिकतात ती दुपारी चार वाजता, दिव्यांच्या उजेडात, अभ्यासक्रमात आहेत म्हणून. एका परीक्षेत मी भैरव तिसऱ्या प्रहरी ऐकला. मुलीने बिनचूक गायला. रिषभाचे आंदोलन जागच्या जागी होते. तरीही तो कागदी फुलासारखा वाटला, आणि दोष त्या मुलीचा नव्हता.

नियमाने बंदी घातली आहे ती यंत्राला, गळ्याला नाही. तीस माणसांच्या माडीवर ध्वनिवर्धक लागतो कशाला? आणि आपल्या घरांना पहाटे उठण्याचे निमित्त नवे शोधायचे नाही. धुंधुरमास आहेच. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत सूर्योदयापूर्वी देवाला मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा दाखवून पहाटेच पंगत मांडण्याची रीत आपल्यात होती. काही घरांत ती अजून एका दिवसापुरती पाळली जाते, पुष्कळ ठिकाणी तेवढीही नाही. खिचडी चुलीवर असताना आतल्या खोलीत भैरव चालू आहे, आणि भैरव संपायला व पाने वाढायला एकच गाठ पडते, याहून निराळी मैफल मला नको. श्रोत्यांना तिकीट नाही, गाणाऱ्याला बिदागी म्हणून तूप जास्त.

ज्यांच्याकडे माडी किंवा मोठी ओसरी असेल त्यांनी संक्रांतीच्या आतला एखादा रविवार ठरवावा. गाणारी मुले माझ्याकडे आहेत; त्यांच्या आयांना समजावण्याचे काम तेवढे घरच्या वडीलधाऱ्या बायकांनी अंगावर घ्यावे, माझे त्या ऐकत नाहीत. तानपुरे मी घेऊन येईन. गारठ्यात ते लावायला अर्धा तास सहज जातो, म्हणून दार पाचला उघडे असावे.