पोरं बाहेर, मंडळी आत?

पुण्याच्या मराठी मंडळ्यांत हल्ली एक सूचना वरचेवर कानी येते: रविवारची उपासना वयाप्रमाणे वाटून टाका. उपासनेच्या वेळीच लहानांची शब्बाथशाळा भरवा, तरुणांना गिटार आणि इंग्रजी गाण्यांची वेगळी सभा द्या, म्हणजे वडीलधाऱ्यांना निवांतपणा मिळेल. सुचवणारी माणसं तळमळीची आहेत, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही.

म्हणे, मुलांना प्रवचन कळत नाही, ती चुळबुळ करतात. कळत नाही, कबूल. पण गुडघे धरलेले आजोबा प्रभुभोजनाला कठड्यापाशी कसे वाकतात, हे पोराला आधी दिसतं. अर्थ मागाहून येतो. चुळबुळीचं म्हणाल, तर प्रेषितांच्या कृत्यांत युतुख नावाचा तरुण पौलाच्या लांबलेल्या भाषणात पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं आणि पुन्हा वर येऊन सगळ्यांसोबत भाकर मोडली. तरुणांसाठी वेगळी माडी बघा, असं काही तो म्हणाला नाही. (त्यानंतर तो पहाटेपर्यंत बोलत राहिला, पाळकसाहेबांनी एवढं मात्र अनुकरणीय मानू नये.)

शब्बाथशाळेच्या परंपरेचा दाखलाही टिकत नाही. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये ग्लॉस्टरला ती काढली, ती आठवडाभर राबणाऱ्या पोरांना अक्षरओळख व्हावी म्हणून. त्याच पोरांना चर्चमध्येही नेत.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची मराठी इंग्रजी माध्यमाच्या मुलांना झेपत नाही. मग ती त्यांच्या कानावर पडणार कुठे? फळ्यावर क्रमांक लागला की आजी जीर्ण पुस्तक उघडते. तिला पुस्तकाची गरज नसते, ते नातवासाठी. तिचं बोट ओळीखालून सरकतं, देवनागरी अडखळत वाचणारा नातू पहिलं कडवं नुसते ओठ हलवतो, दुसऱ्याला सूर मिळवतो. ही शिकवणी वेगळ्या खोलीत घेता येत नाही. आणि जुनं म्हणजे किती जुनं? ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. परक्या चालींना सरावलेल्या मंडळ्यांत त्यांची देशी भजनं नवीच होती. तेव्हा आजच्या तरुणांनीही नव्या चाली आणाव्यात, फक्त त्या आजीच्या देखत आणाव्यात. तिला त्या आवडल्या नाहीत तर ती सांगेल. तेही मंडळीत राहण्यातच आलं.

१९७० साली नागपुरात सहा पंथांनी आपापले हट्ट सोडून उत्तर भारतीय चर्च उभं केलं. त्या चर्चमध्ये आज आजोबा आणि नातू यांच्यात भिंत घालायची?

लूकच्या शुभवर्तमानात तान्ह्या येशूला मंदिरात आणलं, तेव्हा त्याला ओळखलं म्हाताऱ्या शिमोनाने आणि विधवा हन्नाने. मुलं बाहेर ठेवायची रीत असती, तर या दोघांनी कोणाची वाट पाहिली असती?

म्हणून मागणी साधी आहे. एक शास्त्रपाठ दहावीतल्या मुलीने वाचावा, एक निवृत्त मास्तरांनी. पेटी-ढोलकीशेजारी गिटारला जागा द्यावी. प्रवचन वीस मिनिटांत आटपावं. आणि पुढचे दोन बाक लेकुरवाळ्या आयांना द्यावेत. मागे बसलेल्या मुलाला नुसत्या पाठी दिसतात, मग ते रडणार नाही तर काय करणार?