तिसरी शिट्टी
आमच्या बंड्याला फटाक्यांचं काही नाही. तो घाबरतो कुकरला. पहिली शिट्टी होताच स्वारी मोरीत, बादलीमागे, शेपूट पोटाशी. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४० हजारांच्याही वर. आमचा वरणभात त्याच्या कानात कसा शिजत असेल कोण जाणे! शेजारचे काका म्हणाले, ‘जवळ घेऊ नका, लाडावेल.’ साफ चूक. भीती लाडाने वाढत नाही, खेकसण्याने वाढते. आता मोबाइलवर शिट्टी अगदी हळू वाजवायची आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. तो निवांत राहिला, तरच आवाज किंचित वाढवायचा. (चिकन शिजतं कुकरमध्येच, तेवढा वेळ आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये.) काल खऱ्या कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला बादलीमागून नुसतं नाक बाहेर आलं.