श्रद्धावंत गृहस्थ

"प्रपंच करावयाचा म्हणजे मनाला थोडी मुरड घालावीच लागते," असें आपल्याकडील वडीलधारी मंडळी नेहमीं सांगत असतात. सदसद्विवेकबुद्धीसाठीं सर्वस्वावर पाणी सोडणें हें साधुसंतांचें काम. ज्याच्या पाठीशीं बायकामुलें आहेत त्यानें काळवेळ पाहून वागावें, असा ह्या उपदेशाचा मथितार्थ. हा विचार व्यवहाराला धरून दिसतो खरा, परंतु तो ग्राह्य नाहीं असें आमचें मत आहे. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ कॉर्नेलियस यान्सेन ह्या मेनोनाईट गृहस्थाचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

मेनोनाईट पंथाला हें नांव मेनो सिमन्स ह्या डच धर्मोपदेशकावरून मिळालें. समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा, शपथ वाहूं नये, आणि शत्रूवरही प्रीति करण्याची प्रभूची आज्ञा असल्यामुळें हातीं शस्त्र धरूं नये, हीं त्यांचीं मुख्य मतें. ह्या मतांपायीं सोळाव्या शतकापासून त्यांना छळ सोसावा लागला. पुढें रशियाची महाराणी कॅथेराईन हिनें परदेशीय शेतकऱ्यांना आपल्या राज्यांत बोलाविलें, तेव्हां प्रशियांतील पुष्कळ मेनोनाईट कुटुंबें १७८९ पासून दक्षिण रशियांत, म्हणजे हल्लींच्या युक्रेनमध्यें, जाऊन राहिलीं. त्यांच्यावर लष्करी नोकरीची सक्ती होणार नाहीं, अशी सनद सम्राट पॉल ह्यानें १८०० सालीं त्यांना दिली.

यान्सेन ह्यांचा जन्म १८२२ सालीं प्रशियांत झाला. अझोव्ह समुद्रावरील बेर्द्यान्स्क बंदरांत ते धान्याचा व्यापार करीत, आणि प्रशियाचे कॉन्सल म्हणूनही त्यांनीं तेथें काम पाहिलें. पत्नी हेलेना, मुलेंबाळें, धंद्यांत बसलेला जम व समाजांत मान, असें त्यांचें सर्व कांहीं सुरळीत चाललें होतें. इतक्यांत, १८७० च्या सुमारास, रशियन सरकारनें सर्व प्रजाजनांवर लष्करी नोकरीची सक्ती करण्याचा मनोदय प्रकट केला.

अशा वेळीं पैसेवाल्या माणसानें स्वस्थ बसून आपल्या पेटीची चिंता करावी, हाच जगाचा रिवाज. यान्सेन ह्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं अमेरिकेंतील बंधुवर्गाशीं पत्रव्यवहार करून तेथील जमीन, हवा व कायदे ह्यांची माहिती मिळविली, ती छापून वांटली, आणि देशांतराचा सल्ला उघडपणें दिला. ह्याचें फळ असें मिळालें कीं, १८७३ सालीं सरकारनें त्यांनाच हद्दपार केलें. वयाच्या पन्नाशींत मांडलेला संसार आवरून ते कुटुंबासह अटलांटिक महासागर ओलांडून गेले. त्याच वर्षीं त्यांनीं राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांची भेट घेऊन आपल्या लोकांचें गाऱ्हाणें त्यांच्या कानीं घातलें. पुढें नेब्रास्का संस्थानांतील बिआट्रिस ह्या गांवीं त्यांनीं घर केलें, आणि तेथेंच १८९४ सालीं त्यांचा अंत झाला. १८७३ नंतरच्या दहा-बारा वर्षांत सुमारें अठरा हजार मेनोनाईट स्त्रीपुरुष व मुलें रशिया सोडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडांत आलीं.

येथें कोणी म्हणेल, बहुसंख्य मेनोनाईट तर रशियांतच राहिले. ते काय श्रद्धाहीन होते? मुळींच नाहीं. त्यांनीं सरकारशीं बोलणें करून शस्त्राऐवजीं वनखात्यांत झाडें लावण्याची नोकरी मिळविली, आणि १८८१ पासून त्यांचे तरुण ती करूं लागले. खरा धडा देशांतराचा नव्हे. अमेरिकेच्या सरकारनेंही कायमचें लेखी वचन दिलें नव्हतेंच. १९१७ सालीं तो देश महायुद्धांत उतरला, तेव्हां शस्त्र नाकारणाऱ्या कित्येक मेनोनाईट तरुणांना तुरुंगवास घडला. तेव्हां राजाची सनद काय किंवा नवा देश काय, दोन्हीं आधार कच्चेच. टिकलें तें बापानें मुलाला दिलेलें मन.

आणखी एक गोष्ट सांगणें न्यायाचें होईल. बिआट्रिसजवळच ओटो व मिसूरिया ह्या मूळच्या रहिवाश्यांची राखून ठेविलेली भूमि होती. त्यांनाही १८८१ सालीं ती सोडून हल्लींच्या ओक्लाहोमांत जावें लागलें. धर्मासाठीं घर सोडून आलेल्यांना जेथें आसरा मिळाला, तेथून दुसऱ्यांना घर सोडावें लागलें. सत्पुरुषांचें चरित्र वाचतांना ही छाया झांकून ठेवूं नये. परपीडेची जाणीव नसलेली श्रद्धा अपुरी होय.

ह्या पंथाच्या श्रद्धेचा ओघ आपल्या देशापर्यंतही आला. १८९७ च्या दुष्काळांत अमेरिकेंतील मेनोनाईट मंडळींनीं हिंदुस्थानास साहाय्य पाठविलें. १८९९ सालीं त्यांच्या मिशनऱ्यांनीं त्या वेळच्या मध्यप्रांतांतील धमतरी येथें काम आरंभिलें, आणि थोड्याच वर्षांत चांपा येथें कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम निघाला. जे तरवार नाकारतात त्यांनीं सेवेसाठीं हात पुढें केला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

पालकांस आमची नम्र विनंति इतकीच कीं, मुलांसाठीं म्हणून आपण जें असत्य करतों, त्याचा एकवार विचार करावा. शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून जन्माचा खोटा दाखला, नोकरी लागावी म्हणून लांच, तंटा टळावा म्हणून निरपराध्याविरुद्ध मौन: हें सारें प्रेमापोटींच घडतें, पण मूल जवळ उभें राहून पाहत असतें. शेतवाडी वांटून कमी होते, पैसा खर्चून सरतो. बापानें संकटांत सत्य कसें धरिलें ही आठवण मात्र सर्व भावंडांना सारखीच पुरते. आणि मित्रांनो, तुमच्यासाठीं वडिलांनीं एखादा गैरमार्ग नाकारला, आणि त्यामुळें तुमचा कांहीं तोटा झाला, तर त्यांच्यावर रुसूं नका. त्या दिवशीं त्यांनीं तुम्हांला मोठी ठेव दिली असें समजा.