खिडकीतले छायाचित्र

पुण्याच्या लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तर गोव्यातील दाबोळीची नौदलाची आहे. २००४ च्या आदेशानुसार प्रवाशांस विमानातून छायाचित्रे घेता येतात. परंतु संरक्षण दलांच्या तळावर विमान चढता-उतरताना वा उभे असताना ही मुभा नाही. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या मनाईचा पुनरुच्चार केला.

व्यापारी आपली खातेवही परक्यास दाखवीत नाही. एकेक नोंद निरुपद्रवी असते. नोंदी जुळल्या की पेढीचे बळ उघड होते. तळावरील विमाने, इमारती आणि रस्ते यांचेही तसेच आहे. समाजमाध्यमावर गेलेले चित्र परत घेता येत नाही. म्हणून लोहगावी उतरण्यापूर्वीच वडीलधाऱ्यांनी मुलांना मोबाइल खिशात ठेवावयास सांगावे.