खुबा बदलला, रुग्ण हरवला

‘डीप्यू’ कंपनीने खुब्याचे ‘एएसआर’ कृत्रिम सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. धातूवर धातू घासून कोबाल्ट, क्रोमियम रक्तात उतरत होते. आपल्याकडे आयात परवाना रद्द व्हायला २०१२ उजाडले आणि केंद्राने तज्ज्ञ समिती नेमायला २०१७! देशात हे सांधे बसवण्याच्या शस्त्रक्रिया सुमारे ४,७०० झाल्या होत्या. बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. मग भरपाई द्यायची कोणाला? वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम आले खरे, पण प्रत्यारोपणाची सक्तीची राष्ट्रीय नोंदवही हवीच. तोवर सांधा बसवून घेणाऱ्यांनी एवढे करावे: खोक्यावरचे लॉट क्रमांकाचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागावे आणि कार्ड जपून ठेवावे.